कमरबीचं बाशिंग खाली टेकत नाही

भवानी पेठेत कुणालाही विचारा, "बाशिंगवाल्या कमरबीचं दुकान कुटं हाय?" तो आधी तुम्हाला खालून वर निरखेल, मग विचारेल, "लगीन कुणाचं?" पत्ता त्यानंतर. कारण त्या दुकानात दुसऱ्या कामासाठी कुणी जातच नाही. रुंदीला सात फूट, लांबीला नऊ, दाराला एक दगडी पायरी, आणि आत बाशिंगं, मुंडावळ्या, सेहरे. बस्स. राख्या ठेवा, पतंग ठेवा, दिवाळीत आकाशकंदील ठेवा, असं सांगणारे शहाणे आले आणि चहा पिऊन गेले. कमरबीचं एकच उत्तर, "दुकान लग्नाचं हाय. बाकीचं बाजारात मिळतंय की."

बाईचं वय बासष्ट. नाकात चमकी, डोक्यावर पदर आणि बोटांना कायम मैद्याची खळ. हिंदूच्या घरी बाशिंग, मुसलमानाच्या घरी सेहरा, आणि दोन्हीला माळा ओवणारा हात तोच. विणकरांच्या घरून तेलुगूत मागणी येते, अक्कलकोटकडून कानडीत, घरची बोली दखनी. तिला यातली कुठलीच भाषा धड येत नाही असं तिची सून अनिसा म्हणते. पण घरात लग्न निघालेला माणूस काय बोलतो ते कमरबीला न बोलता कळतं. त्यात तिचा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात कुणी नसेल.

आता या दुकानाचा एक नियम आहे. तो कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. तिचे सासरे फकीरसाहेब, त्यांनी घालून दिलेला. बाशिंग बनतं तेव्हा ते पाटावर असतं. भेंड कापा, बेगड लावा, मणी ओवा, काय करायचं ते करा. पण एकदा शेवटचा गोंडा बांधला की ते बाशिंग नवरदेवाचं झालं. मग ते खाली टेकवायचं नाही. दुकानात असेल तोवर आढ्याच्या दोरीला टांगायचं, आणि दोरीवरून उतरलं की थेट लग्नघरच्या देवापुढं. मधल्या वाटेत ना जमिनीवर, ना बाकावर, ना मांडीवर. हातात धरायचं. गाव लांब असलं तर दोघांनी आळीपाळीनं धरायचं. असं का, हे फकीरसाहेबांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पण आजवर एका गिऱ्हाइकानं नियम मोडला नाही. शुभकार्य आहे बाबा, कोण कशाला विषाची परीक्षा घेतंय!

उजनीच्या फुगवट्याकाठच्या गावातली केराबाई थोरल्याच्या लग्नाला बाशिंग घेऊन गेली होती. दुकानापासून स्टँडपर्यंत चालत, तिथून एसटीनं टेंभुर्णी, तिथून पुढं टमटम. दोन्ही हात वर. भूक लागली तेव्हा तिच्या नवऱ्यानं भर गाडीत तिला भजी भरवली. "लगीन होऊन तीस वरसं झाली भाबी," पुढच्या खेपेला तिनं येऊन सांगितलं, "पैल्यांदा भरवलं मुडद्यानं!" आणि दोघी इतक्या हसल्या की शेजारचा नागप्पा विभूतीचं गिऱ्हाईक सोडून बघायला आला.

हसला नाही तो फक्त गौस. कमरबीचा नवरा. फार हळव्या मनाचा माणूस. केराबाईनं हसत सांगितलेले तिचे सुजलेले दंड त्याच्या डोक्यात राहिले, आणि त्यानं त्याच संध्याकाळी बसच्या कचेरीला अर्ज लिहिला. आपल्या दुकानासमोर सिटी बसचा थांबा मिळावा म्हणून! पुढच्या वर्षी परत लिहिला. त्याच्या पुढच्या वर्षी परत. दर अर्जाला कमरबी त्याची चेष्टा करायची. "लिवा, लिवा. आज थांबा मागताय, उद्या इमान मागा." गौस नुसता हसायचा, पेनाचं टोपण लावायचा आणि नक्कल प्रत पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. सहा वर्षांपूर्वी तो गेला. थांबा काही आला नाही.

आणि यंदा फेब्रुवारीत नोटीस आली.

अनिसानं ती दोनदा वाचली. लायटीवर चालणाऱ्या नव्या बसगाड्या येणार, पेठेतून रस्ता रुंद होणार, प्रवाशांना छपरासकट थांबा बांधणार, आणि त्या थांब्यासाठी दुकानाचा पुढचा सहा फूट भाग काढून घेणार. नऊ फुटांतले सहा गेले की तीन उरतात. तीन फुटांत कमरबी स्वतः आडवी मावली नसती, बाशिंगं कुठून मावणार?

"अम्मा, अब क्या करनेका?" अनिसाचा आवाज चिरकला.

"क्या करनेका म्हंजे? जाके भांडनेका," कमरबी म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.

सात रस्त्याजवळच्या त्या बसच्या कचेरीत तिनं असा काही आवाज लावला की तीन टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली. कुणी सांगितलं होतं थांबा आणायला? कुणाच्या डोक्यातली ही अवदसा? टेबलावरचा कारकून बिचारा भला होता. त्यानं फाईल काढली, धूळ झटकली, पहिलं पान उघडलं आणि तिच्यापुढं सरकवलं.

"आजी, अर्ज तुमच्याच दुकानाचा हाय."

खाली गौसची सही होती. त्याची ती लांब शेपटाची, वळणदार सही. कमरबीनं बोट लावून बघितलं. मग ती जी हसत सुटली ती थांबेचना. कचेरीतली माणसं आधी घाबरली, मग त्यातली दोघं-तिघं कारण न कळता हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसण्याचंच होतं असं काही ठामपणे सांगता येत नाही. जिवंतपणी मागितलं ते मेल्यावर मिळालं होतं. आणि मिळालं ते त्याच्याच दुकानाच्या छाताडावर! आता शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

नागप्पानं तिच्यासाठी सात रस्त्याला एका कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावरचा गाळा बघितला. त्याच्या दुकानाला धक्का लागत नव्हता, पण शेजार जाणार म्हणून माणूस कासावीस झाला होता. कमरबी जाऊन आली. गुळगुळीत फरशी, पांढरं छत, पंखा सुद्धा. तिनं मान वर करून विचारलं, "आडं कुटं हाय? दोरी कशाला बांधू?" गाळेवाला म्हणाला, छताला भोक पाडायचं नाही, खाली काचेची कपाटं करा. कमरबी सलाम करून जिना उतरली.

"अण्णा, तितं सगळं खाली ठिवायचं हाय," तिनं नागप्पाला सांगितलं. "मला जमायचं न्हाय." नागप्पानं परत विषय काढला नाही.

मग तिनं काय केलं? काहीच नाही. पुढच्या भागाचं काम एप्रिलच्या बारा तारखेला सुरू होणार, असं नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं. अनिसा रोज म्हणायची, घरी दोऱ्या बांधून घेऊ, माल हलवू. कमरबी म्हणायची, "ज्या कचेरीला अर्ज वाचायला इतकी वरसं लागली, ती बारा तारीख म्हंजे बारा तारखेला येतीय व्हय?" हा तिचा हिशेब, आणि तो साफ चुकला. बाराला सकाळी नऊ वाजता जेसीबी दारात उभा!

ऐन लग्नसराई. आढ्याला सत्तावीस बाशिंगं तयार. सगळ्यांचे गोंडे बांधलेले. आणि दोऱ्या सगळ्या त्या पुढच्या सहा फुटांत.

जेसीबीबरोबर सहा मजूर होते आणि विरेश नावाचा पोरगेला इंजिनियर. मैंदर्गीकडचा, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, बोलायला अगदी मऊ. तो पायरीवर येऊन म्हणाला, "आजी, माफ करा. सामान तेवढं बाहेर घ्या. दहा मिनिटांत काढा, मग आम्ही सुरू करतो."

"काढते की," कमरबी स्टुलावर चढत म्हणाली. "धर."

विरेशनं धरलं. मोठं, सोनेरी बेगडाचं, सात माळांचं बाशिंग. इकडं तिकडं बघून तो ते पायरीवर ठेवायला वाकला.

"हां हां हां! खाली न्हाय!" कमरबी आणि नागप्पा एकदम ओरडले. नागप्पानं पळत येऊन त्याला कानडीत सगळा नियम सांगितला. ऐकता ऐकता विरेशचा चेहरा बदलत गेला. या घडणीचं बाशिंग त्यानं ओळखलं होतं. त्याच्या थोरल्या भावाच्या लग्नात याच दुकानातलं आलं होतं आणि त्याच्या आईनं ते अक्कलकोट नाक्यापासून घरापर्यंत छातीशी धरून आणलं होतं. खाली ठेवलं हे आईला कळलं असतं तर! त्यानं दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं आणि सरळ उभा राहिला.

कमरबीनं हे मुद्दाम केलं का? खोटं कशाला बोला, पहिलं बाशिंग दिलं तेव्हा तिच्या मनात काही सुद्धा नव्हतं. तिसऱ्या-चौथ्यापासून पुढचं मात्र खात्रीनं सांगता येत नाही. कारण चेहरा अगदी गरीब करून ती म्हणत होती, "धर बाबा. तू बी धर. ये रे, रिकामा का उभा हायस?" सहा मजुरांच्या हातांत दोन-दोन झाली. नागप्पा दोन घेऊन उभा. त्याचं विभूतीचं गिऱ्हाईक, त्याच्या हातात एक. सायकलवरून चाललेला पाववाला थांबला, त्याला एक. अनिसानं तीन सांभाळली. बघ्यांतल्या पाच जणांना एक-एक. तरी दोन उरलीच. मग कमरबी रस्त्यावर आली आणि जेसीबीच्या खिडकीत बघून म्हणाली, "ए बाबा, नाव काय तुजं?"

"जोतीराम."

"लई चांगलं नाव हाय. हात पुढं कर."

असा जेसीबीचा चालकही अडकला. झालं! सत्तावीसच्या सत्तावीस बाशिंगं लोकांच्या हातांत, पेठेतला रस्ता सोनेरी-लाल झगमगतोय, माळा वाऱ्यानं हलताहेत, आणि कामाला एक हात मोकळा नाही. पोरं गॅलरीतून ओरडायला लागली, "नवरा कुठाय? नवरा कुठाय?"

विरेशच्या खिशातला फोन वाजला. त्याचे दोन्ही हात भरलेले. शेवटी कमरबीनंच फोन काढून त्याच्या कानाला लावला. पलीकडे मोठे साहेब होते. "सुरू झालं का काम?"

"नाही सर. हात भरलेत."

"म्हणजे?"

"सर, बाशिंग धरलंय."

मग साहेबांनी विचारलं, "तुझं लग्न ठरलं?" कमरबीनं फोन बंद केला.

तेवढ्यात केराबाई आली. धाकट्याचं लग्न चार दिवसांवर होतं, बाशिंग न्यायला आली होती. तिनं गर्दीतून एक-एक बाशिंग तपासलं आणि आपलं जोतीरामच्या हातात ओळखलं. "नीट धर रं, वाकडं हुतंय," म्हणून त्याला दटावलं. सगळी हकीकत कळली तशी ती तिथंच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आन् मी पुढच्या टायमाला कुटं येऊ? नातवाचं बाशिंग कुणाकडनं घिऊ?" तिनं विरेशलाच विचारलं. जणू दुकान त्याच्या खिशात होतं.

ऊन वर आलं. अर्धा तास झाला असेल. विरेशच्या हाताला रग लागली, खांदे थरथरायला लागले. तो अगदी लहान आवाजात म्हणाला, "आजी, हात भरून आले हो."

कमरबी चमकून त्याच्या हातांकडं बघायला लागली.

"अनिसा," ती म्हणाली, "तो डब्बा ला."

अनिसाच्या हातांतली तीन बाशिंगं कमरबीनं घेतली, आणि अनिसानं पत्र्याच्या डब्यातून गौसच्या अर्जाची नक्कल काढून मोठ्यानं वाचली. "विनंती अर्ज करतो की, माझ्या दुकानातून बाशिंग घेऊन जाणारी माणसे ते वाटेत खाली ठेवत नाहीत. स्टँडपर्यंत चालून त्यांचे हात भरून येतात. तरी दुकानासमोर बसचा थांबा मिळावा."

मजुरांनी आपापल्या हातांकडं बघितलं. पाववाल्यानं बाशिंग या हातातून त्या हातात घेतलं.

"म्हणजे थांबा या दुकानासाठी," विरेश म्हणाला. "आणि दुकान काढून थांबा." त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण तो कानापर्यंत लाल झाला. नकाशा त्यानं कचेरीत बसून बघितला होता. जागेवर तो आज पहिल्यांदा उभा होता, आणि अर्धा तास हलता न आल्यामुळं चहूकडं बघायला त्याला भरपूर वेळ मिळाला होता. दुकानाच्या डाव्या अंगाला, नागप्पाच्या पलीकडं, बंद पडलेल्या सूतगोदामाची लांबलचक भिंत होती. पुढं मोकळी जागा. तिथं कचऱ्याशिवाय काही नव्हतं. "टेप आणा कुणीतरी. ती जागा मोजा."

टेप जीपमध्ये, आणि जीपची किल्ली ज्याच्या खिशात त्याच्या दोन हातांत दोन बाशिंगं. कमरबीनं आपली तीन केराबाईच्या हातांत दिली, गल्ल्यामागून जरीच्या दोऱ्याचं रीळ घेतलं, आणि सासू-सुनेनं दोन टोकं धरून, दोन्ही हात पसरून एक वाव अशा मापानं ती भिंत मोजली. थांब्याला लागत होती त्यापेक्षा दीड वाव जास्तच भरली. पेठेतल्या सरकारी कामाची मोजणी जरीनं झाली, ती ही एकदाच.

बाशिंगं परत दोरीवर चढली. जेसीबी मागं फिरला. जाताना जोतीराम खिडकीतून म्हणाला, "आजी, मार्गशीर्षात बहिणीचं लगीन हाय. बाशिंग तुमच्याकडनंच." कमरबी म्हणाली, "तुज्या दारात माज्या हातानं आणून देते."

साहेब लोक सहजासहजी ऐकतात होय! तीन आठवडे फाईल फिरली. शेवटी विरेश घाम पुसत आला आणि म्हणाला, सगळे तयार आहेत, फक्त एक अडचण. मूळ अर्जात 'दुकानासमोर' लिहिलंय. 'दुकानाशेजारी' असा नवा अर्ज लागेल. अनिसा लगेच कागद घेऊन बसली. तिनं सुटसुटीत चार ओळी लिहिल्या आणि सासूला वाचून दाखवल्या.

"हातांचं कुटं हाय?" कमरबीनं विचारलं.

"अम्मा, त्याची आता गरज न्हाय."

"त्यांनी लिवलं तसंच लिव. एक शब्द बदल. बाकी त्यांचं ऱ्हाऊ दे." मग तिनं खाली सही केली, गौससारखंच लांब शेपूट काढून.

दुकानाची पायरी तेवढी गेली. बाकी एक वीट हलली नाही. ज्या दिवशी मंजुरीचा कागद आला, त्या दिवशी कमरबीनं अख्ख्या गल्लीला शिरखुर्मा खाऊ घातला, आणि नागप्पा वाटी पुढं करत तीनदा म्हणाला की तो गोड खात नाही.

मार्गशीर्षात पहिली बस आली. हिरवी, नवी कोरी, आवाज नाही की धूर नाही. ड्रायव्हरनं हौसेनं म्हटलं, आजी, आमच्या गाडीला बी काहीतरी बांधा. कमरबीनं जरीचा दोरा घेऊन समोरची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली, "लई मोठ्या कपाळाचा नवरा हाय," म्हणाली आणि दोन्ही वायपरना मुंडावळ्या बांधल्या. मग आत जाऊन तिनं दोरीवरून जोतीरामच्या बहिणीच्या नवऱ्याचं बाशिंग उतरवलं. दिलेला शब्द होता. आणि खरी गंमत ही की चाळीस वर्षं बाशिंगं विकलेल्या या बाईनं ते स्वतः धरून कधी लग्नघरापर्यंत नेलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या हातात दिलं की तिचं काम संपायचं.

अनिसानं तिला धरून चढवलं आणि तिकिटाचे पैसे कंडक्टरकडं दिले. कमरबी खिडकीशी बसली. हात वर, बाशिंग छातीपुढं. गल्ली हात हलवत होती, तिला हलवता येईना, म्हणून ती नुसती मान हलवत राहिली.

पहिला थांबा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला तिच्या कोपरात कळ आली. चौथ्याला खांदे जड झाले, बोटं बधिर व्हायला लागली. कंडक्टर म्हणाला, "आजी, शेजारची सीट रिकामी हाय. ठिवा की त्याच्यावर."

"ठिवता येत न्हाय, बाळा."

"लई दुखत असतील हात."

कमरबीनं खिडकीबाहेर बघितलं. मग ती हसली. त्या कचेरीत हसली होती तशीच, डोळे भरून. हात अडकलेले होते, त्यामुळं पुसताही येईनात.

"व्हय रे," ती म्हणाली. "भरून आले. खरं लिवलं होतं त्यांनी."